म्हणे दीड तासाचं तर अंतर!

अहो, ऐकलंत का? या ना जरा इकडे, कुंपणाजवळ. कोपऱ्यावरच्या वहिनींचा धाकटा निघाला की हो ग्रीस फिओर्डला! शाळेत शिकवायला. नूनावूतमधलं ते, एल्समीर बेटावरचं... हो, तेच. त्याच्या वर अख्ख्या कॅनडात वस्तीचं गाव नाही, आणि माणसं म्हणाल तर दीडशेच्या आतच. आपलं मिसिसागा सोडून कुठे निघाला बघा पोरगा!

तर काय सांगत होते... परवा भिशीला वहिनी अगदी ऐटीत म्हणाल्या, "रेझोल्यूट गावाला पोचला की पुढे विमानानं दीडच तास. मॅपवर बघितलंय मी, ३८० किलोमीटर. मुंबई-कोल्हापूर धरा!" आम्ही माना डोलावल्या. तेवढ्यात पोरगा आतून येऊन म्हणतो कसा, "आई, दीड तास खरा, पण कुठल्या दिवशीचा ते विचार." अहो, वहिनींचा चेहरा असा पडला म्हणता...

रस्ता नाहीच ना! मधे ते डेव्हन बेट, एवढं अवाढव्य, पण राहायला कुणी नाही. पुढे जोन्स साउंड, पाणी नाहीतर बर्फ. विमानसुद्धा पंख्यांचं, इवलंसं ट्विन ऑटर. सामान नि टपाल भरलं की माणसांच्या खुर्च्या कमी. उतरायला खडीची आखूडशी धावपट्टी, शेजारी डोंगर. धुकं आलं की बसा रेझोल्यूटला वाट बघत! सामानाचं जहाज उन्हाळ्याच्या अखेरीस, वर्षातून एकदा. आणि नोव्हेंबर लागला की सूर्यसुद्धा रजेवर, तो फेब्रुवारीत उगवणार.

वहिनी सावरतायत तोच जोशी मास्तरीणबाई बोलल्या, "या दोन गावांत माणसं विभागली ती सरकारनं." झालं, सगळ्या गप्प. १९५३चं ते प्रकरण हो, तुम्हाला ठाऊकच आहे. क्वेबेकच्या इनुकजुआकची इनुइट कुटुंबं बोटीत घालून दोन हजार किलोमीटर उत्तरेला नेली. शिकार भरपूर आहे, नाही करमलं तर दोन वर्षांत परत आणू, असं सांगून! आणि बोटीवर चढल्यावर कळतं काय, तर सगळ्यांना एका जागी उतरवणारच नाहीत. काही रेझोल्यूटला, काही एल्समीरला. सख्खी माणसं हो... त्या बायकांची तोंडं कशी झाली असतील! परत आणायचं वचन वर्षानुवर्षं तसंच लोंबकळलं. सरकारनं माफी मागितली, तीही २०१० साली. त्रेपन्न साली कुठलं दीड तासाचं विमान?

तर काय सांगत होते, वहिनींचा फराळ! दिवाळीला पार्सल करणार म्हणतात. मी आपलं हळूच सुचवलं, "वहिनी, चकल्या गणपतीतच तळून टाका." अशा फुगल्या माझ्यावर! पण काल संध्याकाळी त्यांच्या खिडकीतून भाजणीचा खमंग वास... तुम्हालाही आला ना?