तोडणी तुमची, बाग त्यांची

न्यू जर्सीत शाळा यादीने सुरू होते. महाराष्ट्रात जूनमध्ये पुस्तकांना खाकी कव्हरं घालायची, लेबलं चिकटवायची, नवा रेनकोट पहिल्याच दिवशी वर्गात विसरून यायचा, की झालं वर्ष चालू. इथे चार जुलैचे फटाके विझतात न विझतात तोच दुकानांत दप्तरांचे ढीग लागतात आणि ऑगस्टमध्ये बाईंची यादी येते. पिवळ्या ‘नंबर दोन’ पेन्सिली दोन डझन, टोक केलेल्या. ग्लू स्टिक बारा. वाइप्स. झिपच्या पिशव्या, त्यातही आडनाव ‘ए’ ते ‘एम’ असेल तर मोठ्या, पुढचं असेल तर छोट्या. आणि टिश्यूचे खोके चार.

ही यादी यंदा अप्पांच्या हातात पडली. अप्पा म्हणजे माझे सासरे, जुन्नर तालुक्यातले टोमॅटोवाले, आईंसह सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेले. त्यांनी वर्गातली मुलं किती ते विचारलं. थोरलीने बावीस सांगितली.

“बावीस चोक अठ्ठ्याऐंशी,” अप्पा म्हणाले. “अठ्ठ्याऐंशी खोकी? एवढी नाकं गळतात का गं सूनबाई या पोरांची?”

“शाळा सरकारी आहे अप्पा, फी नसते. मग एवढं आपण न्यायचं.”

“आणि मास्तर काय आणणार?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पालकांच्या संध्याकाळीही ते मिळालं नाही. त्या संध्याकाळी आईबापांनी मुलांच्या वर्गात, मुलांच्याच खुर्च्यांवर बसून बाईंचं ऐकायचं असतं. खुर्ची पाच वर्षांच्या मापाची, नवरा सहा फुटी. त्याचे गुडघे कानाला लागले होते आणि त्याच अवस्थेत त्याने आणखी टिश्यू देण्याच्या कागदावर सही केली.

शाळेच्या बसवर मात्र अप्पा बेहद्द खूश. आमच्याकडे शाळा उघडते लेबर डेनंतर. तो सप्टेंबरचा पहिला सोमवार, १८९४ पासून देशभराची सुट्टी. पहिल्या दिवशी कोपऱ्यावर बस आली. तो ठरावीक पिवळा रंग १९३९ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात भरलेल्या परिषदेत मुक्रर झाला, अंधुक उजेडात काळी अक्षरं चटकन वाचता यावीत म्हणून. बसचे लाल दिवे लुकलुकले, बाजूची ‘स्टॉप’ची पाटी पंखासारखी उघडली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंची वाहतूक जागच्या जागी थिजली. कायदाच आहे तसा. मधून आमचा धाकटा, स्वतःपेक्षा मोठं दप्तर घेऊन, वाटेत बुटाची लेस बांधायला थांबून, सावकाश पलीकडे गेला. एकानेही हॉर्न मारला नाही.

“मुख्यमंत्र्याच्या ताफ्याला एवढा मान नाही आमच्याकडं,” अप्पा म्हणाले. पुढे रोज सकाळी ते हा सोहळा बघायला चहाचा कप घेऊन कोपऱ्यावर उभे राहू लागले.

सप्टेंबर आला की इथल्या प्रत्येक कुटुंबाला सफरचंदं तोडायला जावं लागतं. सक्ती कोणाची नसते, पण जे जात नाहीत त्यांच्या मुलांना सोमवारी वर्गात सांगायला काही उरत नाही. आमचं घोडं वारावर अडलं. शनिवारी फुटबॉल, रविवारी मराठी शाळा, मधल्या शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या मंडळाचा गणपती. शेवटी ज्यू नववर्षाची, रोश हशानाची सुट्टी मदतीला आली. त्या सणाला सफरचंद मधात बुडवून खातात, तेव्हा मुहूर्तही बरा होता. एडिसनहून २८७ नंबरचा रस्ता पकडून, पुढे २०६ ने चेस्टरच्या दिशेला निघालो.

वाटेत पेट्रोल भरायला थांबलो. अप्पांनी हात-पाय मोकळे करायला दार उघडलं, शेजारच्या पंपाची नळी कुतूहलाने हातात घेतली, आणि पंपावरचा पोरगा दोन्ही हात हलवत धावत आला. न्यू जर्सीत गिऱ्हाइकाने स्वतः पेट्रोल भरायला १९४९ पासून कायद्याने बंदी आहे. बाकी सगळी अमेरिका आपल्या हाताने भरते. इथे गाडीत बसून राहायचं. अप्पांनी नळी परत केली. “म्हणजे या राज्यात माणसाला काम करू देत नाहीत,” असा त्यांनी निष्कर्ष काढला. तो पुढच्या पाऊण तासात साफ कोसळला.

बागेच्या फाटकाशी आधी माणशी तिकीट. मग रिकाम्या पिशवीचे पैसे. छोटी पिशवी पेकची, म्हणजे साधारण पाच किलोची. मोठी अर्ध्या बुशेलची, त्याच्या दुप्पट. तुम्ही किती भरता ते तुमचं तुम्ही बघायचं.

“माल तोडणार कोण?” अप्पांनी विचारलं.

“आपण.”

“पैसे कोण देणार?”

“आपणच.”

अप्पा थांबले. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. “वाहतूक?”

“आपल्याच गाडीतनं.”

“हमाली? तोलाई? अडत?”

“काहीच नाही, अप्पा.”

“मला या मालकाला एकदा भेटव,” ते म्हणाले. “पाया पडायचंय.”

यात थट्टा अजिबात नव्हती. नारायणगावच्या बाजारात २०२३ च्या जुलैत वीस किलोचं टोमॅटोचं कॅरेट दोन हजारांच्या वर गेलेलं अप्पांनी पाहिलंय, आणि तोडणीचाही खर्च निघत नाही म्हणून लालभडक शेतात जनावरं सोडलेलीही पाहिलीत. तोडणीची मजुरी हा त्यांच्या आयुष्यातला मोठा शत्रू. इथे त्या शत्रूनेच तिकीट काढलं होतं, नव्या चौकड्यांचा शर्ट घातला होता आणि तो झाडाखाली उभा राहून फोटो काढत होता.

बागेत शिरल्यावर अप्पांमधला शेतकरी जागा झाला. झाडं बुटकी, तारेला बांधलेली, हात पुरेल एवढीच. खुंटावर कलम केलंय, हे त्यांनी बुंधा बघून ओळखलं. लोक मात्र फळाला लोंबकळत होते. अप्पांना राहवेना. “ओढू नका! डोळा मोडला की पुढच्या सालचं फळ गेलं!” असं अस्सल जुन्नरी मराठीत ओरडून त्यांनी फळ तळहातात धरलं, वर उचललं, किंचित पिळलं. देठासकट अलगद हातात आलं. चार मंडळी गोळा झाली. एका बाईंना ते बागेचेच माणूस वाटले. त्यांनी ‘हनीक्रिस्प’ कुठे आहे ते विचारलं. अप्पांना प्रश्न कळला नाही, पण शेतात गिऱ्हाईक उभं राहिलेलं त्यांना बघवत नाही. त्यांनी ठामपणे डावीकडे हात केला. बाई गेल्या आणि भरली पिशवी घेऊन आभार मानायला परत आल्या.

आईंचं वेगळंच चाललं होतं. त्या खाली पडलेली चांगली सफरचंदं पदरात वेचत होत्या. पडलेलं घेऊ नका अशी पाटी होती. हरणं फिरतात, जमिनीवरचं फळ खाण्यालायक राहत नाही, असं मी समजावलं. “वाऱ्यानं पडलेल्या कैऱ्यांचं लोणचं तुझ्या नवऱ्याने जन्मभर खाल्लंय,” त्या म्हणाल्या. पदर रिकामा केला तो माझ्यामुळे नव्हे, पडीच्या मालावर घोंगावणाऱ्या गांधीलमाश्यांमुळे.

मग मक्याच्या शेतातला भुलभुलैया. त्याचं तिकीट निराळं. “कापणीला आलेला मका, आणि हा त्यात माणसं हरवायचे पैसे घेतो,” अप्पा कौतुकाने म्हणाले. गव्हाच्या काडाच्या गठ्ठ्यांवर बसून ट्रॅक्टरमागून एक चक्कर. लहानपणी ज्याच्यासाठी नवरा मार खायचा, त्याला इथे रांग. पण कळस केला शेळ्यांनी. यंत्रात नाणं टाकलं की मूठभर खाद्य मिळतं, ते मुलांनी शेळीला चारायचं. अप्पा तिथे बराच वेळ उभे होते.

“चारा आपला, दूध त्याचं,” ते शेवटी म्हणाले. “धन्य आहे.”

आईंचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती म्हणून डोनटच्या रांगेतून सुटलो. घरी सफरचंदांचा शिरा झाला, कोशिंबीर झाली, साखरांबा झाला, आणि एक डबा शाळेच्या बाईंनाही गेला, टिश्यूबरोबर.

तुम्हाला जायचं असेल तर सप्टेंबरच्या मध्याला, आणि सकाळी दहाच्या आत पोचा. नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही. गाला, मॅकिंटॉश, हनीक्रिस्प तेव्हा मिळतात. फुजी हवं तर ऑक्टोबरपर्यंत थांबा. फळ नुसतं लाल बघून तोडू नका, लालीखालचा हिरवा रंग पिवळसर झालाय का ते पाहा. शेळ्यांसाठी नाणी सुटी ठेवा. आणि सासरे शेतकरी असतील तर पिशवीचे पैसे भरताना त्यांना जवळ उभं करू नका.