अण्णांच्या पिकअपला 95 टक्के

पेट्रोल पंपावर हल्ली पेट्रोल मागत नाहीत, टक्के मागतात. साध्याचे 91, प्रीमियमचे 95, आणि ज्यांच्या घराण्यातच हुशारी आहे त्यांच्यासाठी 100. भलामोठा फलक, त्यावर लाल रेसिंग कार, कारच्या मागे ज्वाळा. आणि त्या ज्वाळांच्या बरोबर खाली आमच्या अण्णांची पेट्रोलवरची छोटी पिकअप. हौद्यात हापूसच्या पेट्या केबिनच्या वर गेलेल्या, वर ताडपत्री, पुढे लिंबू-मिरची, फाळक्यावर 'आईचा आशीर्वाद'. पोरगा नळी हातात घेऊन विचारतो, "अण्णा, साधं की प्रीमियम?" मागे रांगेत गावातली चार माणसं. त्यांच्यादेखत 'साधं' म्हणायचं? मुलाला दहावीत किती पडले, या प्रश्नाला 'पास झाला' असं उत्तर देण्यातलाच हा प्रकार. अण्णा छाती काढून सांगतात, "पंच्याण्णव टाक रे."

हे अण्णा तुमच्याही तालुक्यात आहेत. त्यांचे टायर गुळगुळीत असतात, एअर फिल्टर मागच्या गणपतीला झटकलेला असतो, ऑइल 'अजून काळं कुठं झालंय' म्हणून पुढच्या हंगामावर ढकललेलं असतं. पण टाकीत मात्र 95. मुलगा अभ्यास करो न करो, क्लास महागडाच लावायचा.

ऑक्टेन म्हणजे काय, हे विचारायची सोय नाही, कारण विचारलं की सांगणारे फार. पंपावरचा पोरगा म्हणतो, पिकअप वाढतो. अण्णा म्हणतात, इंजिन थंड राहतं. अण्णांचा मेव्हणा, ज्याला दोनदा गोव्याला जाऊन आल्यापासून सगळंच कळतं, तो म्हणतो, "सोपं आहे, जेवढा आकडा तेवढी ताकद."

आकड्याचा आणि ताकदीचा काही संबंध नाही. ऑक्टेन हे मुळी मार्कच नव्हेत. प्रगतिपुस्तकात खाली, पालकांच्या सहीच्या वर, वर्गशिक्षक वर्तनाचा शेरा मारतात ना, 'वर्गात शांत बसतो', तो शेरा म्हणजे ऑक्टेन. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा दाबली जाते, स्पार्क प्लगची ठिणगी पडते, आणि ज्योत एका बाजूने शिस्तीत पसरत जाते. तेवढ्या वेळात कोपऱ्यातल्या मिश्रणाने दाबाने आणि उष्णतेने आपलं आपणच भडकून उठू नये. उठलं तर इंजिन टकटक वाजतं, त्याला मेकॅनिक नॉकिंग म्हणतात. पेट्रोल न भडकता किती दाब सोसतं, एवढंच त्या आकड्यात असतं. शांत बसणारा मुलगा हुशार असेलच असं नाही. कित्येकदा तो झोपलेला असतो. अण्णांच्या इंजिनात दाबच 91 ला सोसेल इतका असेल, तर 95 वालं पेट्रोल तिथं जाऊन जास्त शांत बसतं, इतकंच. त्या शांततेचे लिटरमागे सात-आठ रुपये. 100 वालं घेतलं तर भाव साध्याच्या जवळपास दीडपट, आणि शांतता अगदी ध्यानमंदिरातली.

बरं, ही परीक्षा कुठं होते? प्रयोगशाळेतल्या एका सिलिंडरच्या इंजिनावर. 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्याची घडण झाली, आणि आपण सांगतो तो 'रिसर्च' ऑक्टेन ठरवताना ते मिनिटाला 600 फेरे फिरतं. अण्णांची पिकअप रेल्वे फाटकाशी नुसती उभी असते तेव्हाही याहून जोरात फिरते. पेपर तपासायची रीतही ऐकण्यासारखी आहे. आयसोऑक्टेन नावाच्या द्रवाला 100 दिले, हेप्टेन नावाच्या बिचाऱ्याला शून्य. तुमचं पेट्रोल या दोघांच्या ज्या मिश्रणासारखं वागलं, त्यातला आयसोऑक्टेनचा टक्का तो तुमचा आकडा. म्हणजे सगळी परीक्षा शेजाऱ्याच्या मुलाशी तुलना करण्याची. यात अण्णांना नवीन काय सांगायचं!

टक्क्यांचा हा आजार डिझेलवाल्यांकडे पोचला तेव्हा मात्र गंमत झाली. आपल्याकडच्या मोठ्या पिकअप बहुतेक डिझेलच्या. त्यांचे मालक हल्ली विचारतात, आमच्याला कितीचा ऑक्टेन? डिझेल इंजिनात स्पार्क प्लगच नसतो. तिथं दाबलेल्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की त्याने आपणहून, आणि झटकन, पेटायचं असतं. म्हणजे पेट्रोलच्या वर्गात ज्यासाठी छडी बसते, त्याचसाठी डिझेलच्या वर्गात शाबासकी. तिथला आकडा वेगळा, त्याला सीटेन म्हणतात, आणि आपल्याकडे तो किमान 51 असावा लागतो. 51! हे ऐकल्यावर डिझेलवाल्या तात्यांचा चेहरा पाहवत नाही. आयुष्यभर ज्या इंजिनाने ऊस, सिमेंट आणि लग्नाचं वऱ्हाड ओढलं, ते कसंबसं पास! आणि सीएनजीचा ऑक्टेन 120 च्या वर, म्हणजे पैकीच्या पैकी घेऊन वर वीस जास्त, तरी त्याचा कुठं सत्कार नाही. तो बापडा पंपाबाहेरच्या रांगेत उभा.

अण्णांचा भाचा टेक्सासात असतो. त्याच्याकडे आपल्या एसटीएवढी पिकअप आहे, पेट्रोलवरची, आणि तीत तो बहुधा स्वतःलाच घेऊन ऑफिसला जातो. त्याने फोनवर सांगितलं, "मामा, मी 87 टाकतो." अण्णांनी फोन ठेवून बहिणीला कळवलं की पोरगं तिकडे जाऊन बिघडलं. वास्तविक तिकडे दोन वेगळ्या कसोट्यांची सरासरी पंपावर लिहितात. त्यांचे 87 म्हणजे आपल्याकडचे 91 च्या आसपास. आता हेही खरं की तिकडच्या काही टर्बो इंजिनांच्या पिकअपना, मागे अवजड ट्रेलर लावून ओढायचा असेल तर वरच्या ऑक्टेनचं पेट्रोल घ्या, असं कंपनीच पुस्तकात सांगते. टर्बो हवा कोंबतो, दाब वाढतो, शांत बसणारा लागतो. ज्या इंजिनाला तो लागतो त्याला जरूर द्यावा. पण कंपनीने ते पुस्तकात लिहिलेलं असतं. अण्णांचं पुस्तक ड्रॉवरमध्ये आहे, गाडी घेतली त्या दिवशीच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर पूजेचा सुकलेला हार, टोलच्या पावत्या आणि अर्धी संपलेली उदबत्तीची पुडी. त्यातलं एक पानही उघडलेलं नाही. कपाळावर कुंकू मात्र पुस्तकालाही लागलंय.

त्यात आता साध्या पेट्रोललाही ग्रेस मार्क मिळाले. 20 टक्के इथेनॉल मिसळायला लागले आणि इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन 108 च्या आसपास. म्हणजे ऊस आणि मका यांच्या पुण्याईने साधं पेट्रोलही 95 च्या घरात पोचलं, असं सांगतात. मग अण्णा जादा पैसे कशाचे मोजतायत? प्रीमियममध्ये इंजिन साफ ठेवणारी रसायनं असतात म्हणावं तर फलकावर कार उडतेय, ब्रश घेऊन बसलेली नाही. आणि इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच. टक्के वाढले, अ‍ॅव्हरेज उतरलं. शिक्षणक्षेत्रात हा चमत्कार आपण केव्हाच करून दाखवलाय, पंपावर थोडा उशिरा आला.

पण माझं खरं दुखणं ऑक्टेन नाही. माझं दुखणं हवा आहे. पंपावर पेट्रोलचं माप तपासायचा तुम्हाला हक्क आहे, त्यासाठी पाच लिटरचं भांडं ठेवलेलं असतं. घनता तपासता येते. फिल्टर पेपरवर थेंब टाकून भेसळ बघता येते. तपासता येत नाही ती एकच गोष्ट, ज्या आकड्याचे आपण जादा पैसे देतो तो आकडा. तो ऐकीव घ्यायचा. ठीक आहे, घेतला. पण त्याच पंपावर फुकट हवा द्यायचीच असते, आणि ती हवा कधी मिळाली तर मला कळवा. मशीन असतं. नवं, निळं, त्याला काच, काचेत आकडे. त्यावर कागद चिकटवलेला असतो, 'मशीन बंद आहे', आणि त्या कागदाला पिवळेपणा येऊन त्याचा कोपरा उंदराने खाल्लेला असतो. मशीन चालू असेल तर पाइप फाटलेला. पाइप धड असेल तर हवा भरणारा जेवायला गेलेला, सकाळी साडेनऊला. जाब विचारला तर तोच पोरगा, ज्याला इंजिनाच्या आरोग्याची एवढी काळजी, तो मोबाइलमधून मान वर न करता सांगतो, "पुढं पंक्चरवाला आहे." अरे, कमी हवेचे टायर गाडी मागे ओढतात, पेट्रोल खातात, भर उन्हात लोड घेऊन तापतात आणि फुटतात! फुटला की हापूसच्या पेट्या रस्त्यावर आणि अण्णा दवाखान्यात. ज्याने खरोखर दोन पैसे वाचतात, जीव वाचतो, ते फुकट म्हणून बंद. आणि ज्याने काही होत नाही, त्याला ज्वाळा काढलेला फलक! आणि आपण? आपण कधी पंपावर उभं राहून हवेसाठी भांडलो? नाही. पेट्रोल भरताना मीटरवरचं शून्य बघण्याचं काम मात्र इमानेइतबारे करतो.

तर अण्णा, ड्रॉवर उघडा, हार बाजूला करा, पुस्तक वाचा. त्यात 91 लिहिलं असेल तर गावादेखत 'साधं' म्हणा. आणि फोंडा घाट चढताना इंजिन टकटक करायला लागलं तर पंप शोधू नका. गिअर खाली टाका, आणि पुढच्या खेपेला वीस पेट्या कमी भरा.