दाराच्या पोटातलं पाणी

आपलं गाडीवरचं प्रेम बाहेरच्या बाजूचं असतं. दसऱ्याला बॉनेटवर हळदकुंकू, पुढे झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. एरवी रोज सकाळी सोसायटीतल्या धुणाऱ्याची एक बादली आणि पाच गाड्यांना पुरलेलं तेच फडकं. गंजाला या सोहळ्यात रस नसतो. दरवाज्याच्या तळाशी, फुटबोर्डाच्या पोकळीत, मडगार्डाच्या दुमडीत, म्हणजे हळद, फडकं आणि मालकाची नजर यांतलं काहीच पोचत नाही अशा जागी तो बिनबोभाट कामाला लागलेला असतो. गंजाच्या धाकाने आपण जो पैसा घालतो, तो बहुतेक पत्र्याच्या चुकीच्या बाजूला जातो, असं माझं म्हणणं आहे. आणि त्याचा पुरावा गाडीच्या प्रत्येक दारात आहे.

काचेच्या बुडाशी असलेलं रबर पाणी अडवतं, असा सार्वत्रिक समज आहे. ते बिचारं फक्त काच पुसतं. उरलेलं पाणी काचेवरून ओघळून थेट दाराच्या पोटात जातं. कारखान्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणूनच दाराच्या खालच्या कडेला छोटी भोकं ठेवलेली असतात. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यात ही भोकं चिखलाने आणि कुजक्या पानांनी बुजली की ब्रेक मारताच दारात पाणी खळखळतं, आणि मागच्या सीटवरची मंडळी कुणाची बाटली सांडली ते शोधत बसतात. हवेत समुद्राचं मीठ असेल तर काम आणखी झपाट्याने होतं. त्यातून दाराचा बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर जिथे दुमडलेला असतो, त्या फटीत ओल टिकते आणि हवा कमी पोचते. गंमत अशी की हवा कमी तिथेच लोखंड अधिक झिजतं. तयार झालेला गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो आणि रंगाला आतून ढकलतो. बाहेर फोड दिसल्यावर ‘गंज धरायला लागला वाटतं’ म्हणणं म्हणजे तेराव्याच्या जेवणाला जाऊन तब्येतीची चौकशी करणं.

यावर जाणकार म्हणतील, हे सगळं जुन्या गाड्यांचं. ते बरंचसं खरं आहे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींपैकी शेवटची ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. त्यांतल्या काहींमध्ये पायाखालच्या पत्र्यातून रस्ता पाहण्याची सोय विनामूल्य असे. इटलीच्या लान्चियाला तर 1980 च्या सुमारास ब्रिटनमध्ये विकलेल्या बीटा गाड्या गंजापायी परत विकत घ्याव्या लागल्या. आता पत्र्याला जस्ताचा थर असतो, अख्खी बॉडी विजेच्या साहाय्याने रंगाच्या हौदात बुचकळून काढतात आणि रंग पोकळ्यांतही शिरतो. पण गाडी कारखान्यातून निघते ती आपल्या गावात राहायला. इथे एखादी रिक्षा दाराला घासते, डेंटर पत्रा ठोकतो, वेल्डिंग मारतो, वरून पुट्टी आणि आरशासारखा रंग. वेल्डिंगने आतल्या बाजूचा मूळ लेप जळून गेला, हे बिलात लिहिलेलं नसतं. विम्याची आशाही धरू नये. झीज आणि गंज त्यात बसत नाहीत.

दुसरे म्हणतील, आम्ही शोरूममध्येच खालून काळं कोटिंग मारून घेतलंय. चांगलं केलंत, दगडांपासून पत्रा वाचेल. पण ते खालून आहे, पोकळीच्या आत नाही. आणि जुन्या गंजावर मारलं असेल तर आतली ओल आता सुरक्षित झाली म्हणायची. तिसरा पक्ष जळक्या ऑइलचा. फुकटात मिळतं आणि ट्रकवाले लावतात, एवढ्या दोन आधारांवर हा पक्ष उभा आहे. त्या ऑइलमध्ये इंजिनातली आम्लं उतरलेली असतात, त्याने रबरं फुगतात, आणि पावसात धुपून ते शेजाऱ्याच्या विहिरीकडे निघतं.

यापेक्षा पोकळीत मारायचं मेण बरं. लांब नळीने, कारखान्यानेच ठेवलेल्या भोकांतून ते आत फवारतात. पातळ असल्याने फटीत झिरपतं आणि मऊ राहत असल्याने तडकत नाही. त्याचा खप कमी, कारण मारल्यावर दाखवायला काहीच उरत नाही. शेजाऱ्याला बोलावून दाराचं पोट कसं दाखवणार? मेण मारायचं ते कोरड्या दिवसांत, आणि मारून झाल्यावर पाणी जायची भोकं मोकळी आहेत ना, हे पाहून घ्यायचं. हा खर्चही नको असेल तर निदान पावसाळ्याच्या आधी आणि नंतर गाडीजवळ उकिडवे बसा आणि चारही दारांखालची भोकं साफ करा. काडी लाकडाची घ्या. तारेने आतला रंग खरवडला जातो.