गरीब गाईचा हिशेब

अमेरिकेतल्या शाळकरी मुलांसाठी संगणकाचं एक ऑलिम्पियाड असतं. त्यातल्या गणितांत वर्षानुवर्षं एकच शेतकरी येत राहतो, फार्मर जॉन. याला पावसाची काळजी नाही, सोसायटीचं कर्ज नाही, भाव पडल्याची तक्रार नाही. त्याला फक्त गाई आहेत आणि गाईंमुळे सुचणारे प्रश्न आहेत.

२००७ च्या फेब्रुवारीत त्याला पडलेला प्रश्न असा. संध्याकाळी धार काढायला गाई रांगेत उभ्या आहेत. प्रत्येकीच्या मारकेपणाला एक आकडा आहे, १ पासून १,००,००० पर्यंत, आणि कुठल्याही दोघींचा आकडा सारखा नाही. मारक्या गाई दूध काढायच्या यंत्राची मोडतोड करतात, म्हणून सगळ्यात गरीब गाय पुढे आणि सगळ्यात मारकी मागे, अशी रांग लावायची. कुठल्याही दोन गाईंच्या जागा बदलता येतात, पण त्याला दोघींच्या आकड्यांच्या बेरजेइतका वेळ लागतो. तर कमीत कमी किती वेळात रांग लागेल?

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे आणि रात्र रात्र असली गणितं सोडवतो. त्याची आई, म्हणजे माझी ताई, कुणी विचारलं तर सांगते, ‘गाई वळतोय.’

मला त्यानं वहीत तीन गाई काढून दाखवल्या. रांग २, ३, १. आधी ३ आणि १ बदला, चार लागले. मग २ आणि १, तीन. एकूण सात. सुरुवात २ आणि १ पासून केली तर आठ, २ आणि ३ पासून केली तर नऊ. “बघ मावशी, प्रत्येक वेळी अदलाबदली दोनच, पण खर्च वेगळा.” हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे कुणाला आधी हलवायचं यावरून दोन लग्नं लांबली आहेत.

तीन गाईंच्या रांगा सहाच होतात. एक लागलेलीच असते, तिचा खर्च शून्य. बाकीच्यांचा ३, ४, ५ आणि दोघींचा ७. गणित काढणाऱ्यांना इथे नवा चाळा सुचतो: अमुक खर्चाच्या रांगा एकूण किती, ते सांगा. गाई वाढल्या की उत्तर इतकं अवाढव्य येतं की त्याला शंभर कोटी सातने भागून फक्त बाकी लिही म्हणतात. एवढा जीव काढून मोजायचं आणि द्यायची ती बाकी! आमच्या किराणावाल्यालाही हेच जमतं.

रांगा मोजण्याचं वेड आपल्याकडे जुनं आहे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘लीलावती’त विचारलं आहे की शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं किती प्रकारांनी देता येतील. उत्तर ३६,२८,८००. विष्णूला चारच हात, त्याचं चोवीसात भागतं. आचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवानं चाळीसगावजवळ पाटणला मठ काढला होता. आता क्लास असतात. पण त्रिशूळ आणि डमरू यांची अदलाबदल करायला काय खर्च येईल, हे आचार्यांनी विचारलेलं नाही. शंकराच्या हातून त्रिशूळ कोण काढून घेणार?

फार्मर जॉनच्या गाई मात्र दहा हजारांपर्यंत असू शकतात. त्यांच्या रांगांची संख्या लिहायला ३५,६६० आकडे लागतात, तेव्हा एकेक रांग तपासत बसलं तर धार राहीलच, गाईही राहणार नाहीत. खरी युक्ती वेगळी आहे आणि ती ऐकून मी उठून बसले.

गाईंची साखळी धरायची. ही तिच्या जागी, ती आणखी तिसरीच्या जागी, असं करत शेवटची पहिलीच्या जागी. अशा साखळीतली सगळ्यात गरीब गाय घ्यायची आणि प्रत्येक अदलाबदलीत तिलाच फिरवायचं. तिचा आकडा लहान, म्हणून स्वस्त पडतं.

“आणि साखळीत सगळ्याच मारक्या असल्या तर?”

“मग बाहेरून आणायची,” भाचा आनंदानं म्हणाला. त्यानं वहीत लिहिलं: १, ८, ९, ७, ६. यात १ आकड्याची गाय आपल्या जागी बरोबर उभी आहे. तिचा या भानगडीशी संबंध नाही. ६ ला तीन वेळा फिरवून ही रांग लागते, खर्च ४२. पण १ ला मध्ये ओढली, पाचच्या पाच अदलाबदलींत तीच फिरवली आणि शेवटी जिथून उचलली तिथे परत नेऊन उभी केली, तर खर्च ४१.

एकानं कमी! तेवढ्यासाठी त्या बिचारीला पाच हेलपाटे, आणि संध्याकाळी बघणाऱ्याला वाटणार, ही तर जागची हललीच नाही.

लग्नातल्या ग्रुप फोटोत मी ही गाय असते. आत्याबाईंना उठवायची कुणाची छाती नसते, मोठे काका मधली खुर्ची सोडत नाहीत, मग फोटोग्राफर म्हणतो, “मावशी, तुम्ही जरा इकडे येता का?” मी इकडे येते. मग तिकडे. फोटोत मी पहिल्यापासून होते तिथेच दिसते, अर्धी, कुणाच्या तरी फेट्यामागे.

माझा आक्षेप साधा होता. “पाच वेळा फिरवल्यावरही तिचा आकडा एकच कसा राहतो रे?”

“तसंच दिलंय गणितात.”

“गणित चुकीचं आहे. दर अदलाबदलीला तिचा आकडा एकानं वाढव, मग काढ उत्तर.”

तो गंभीर झाला. पेन चावत त्यानं दोन पानं खरडली. “मावशी, असं केलं तर आत्ताची युक्ती चालत नाही. शेवटी शेवटी तीच महाग पडायला लागते.”

“ते त्या शेतकऱ्याला सांग.”

तेवढ्यात आतून ताईची हाक आली, “अगं, तू रिकामीच बसली आहेस ना? जरा खालून कोथिंबीर आण. आणि येताना पाहुण्यांची बॅग वर घे.”

मी चप्पल शोधायला लागले. भाच्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, वही पुढे ओढली आणि एकाचा दोन केला.