एकाला एक

इंदापूर तालुक्यात उसाला पाणी देणं हे निम्मं शेतीचं आणि निम्मं जागरणाचं काम आहे. शेतीची थ्री फेज लाईट पाळीपाळीनं येते. रातपाळी लागली की नेमकी गाढ झोपेच्या वेळी येते. म्हणून माझ्या भाच्यानं मोटार आपली आपण चालू होईल अशी एक पेटी बनवली. तिच्यात नखाएवढी एसटीएम३२ चिप, आणि चिपच्या मनातलं ओळखायला एसटी-लिंक नावाचा डिबगर. हा मूळ मालाची नक्कल, ॲल्युमिनियमच्या कवचातला, बोटाएवढा.

डिबगरचं काम मला फार हळवं वाटतं. धावता प्रोग्राम तो मध्येच थबकवतो आणि त्या क्षणी चिपच्या पोटात काय काय होतं ते उघडं करतो. उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवच्या जुन्या देवळाचं आधी शिखर आणि मग हळूहळू बाकीचं अंग वर येतं, तसंच काहीसं. धरण १९८० साली पुरं झालं. त्यानंतर आमची आजी दर वैशाखात तिथं जाऊन भेगाळल्या चिखलाकडे बोट करायची, "हितं माझी चूल व्हती." भरल्या पाण्यात तिला चूल कधी दाखवता आली नाही.

असा हा डिबगर एका संध्याकाळी मुका झाला. कुणाच्या हातून, हे विचारण्यात अर्थ नाही. अशा नकलांत पिनांचा क्रम खेपेगणिक बदलतो आणि कवचावरची अक्षरं आतल्या पाटीशी जुळतीलच असं नाही. कवच काढलं तर आतही एसटीएम३२च बसलेली! रेग्युलेटर जळला होता, तो बदलला. पण चिप आपला प्रोग्राम विसरून गेली होती, आणि तो परत भरायला हवा होता दुसरा एसटी-लिंक. मोटार चालू करीना म्हणून दुरुस्तीला दिलेली आपली पेटी न्यायला आलेले नाना बराच वेळ हे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजी ह्याला बोलतं कराया बी ह्योच लागतो व्हय?" मोठमोठ्या तत्त्वज्ञांना आयुष्यभर पुरेल असा प्रश्न नाना चहाच्या घोटाबरोबर विचारून मोकळे झाले.

बारामतीत इंजिनिअरिंग करणाऱ्या मित्राकडून न्यूक्लिओ बोर्ड आला. त्या बोर्डावरच एक एसटी-लिंक असतो. दोन इवलेसे जंपर काढले की तो घरच्या चिपवरची नजर काढून दारच्या चिपची विचारपूस करू लागतो. चार तारा जोडल्या आणि आमचा मुका बोलला. मग नानांच्या पेटीची झडती झाली. चिप बिचारी दर वेळी हुकूम सोडतच होती. स्टार्टरच्या पॉईंटमध्ये मुंग्यांनी संसार मांडला होता. त्याला डिबगर कुठला, नानांची फुंकर पुरली.

पुढं पुण्याला गेला तेव्हा तपकीर गल्लीतून भाच्यानं आणखी एक एसटी-लिंक आणला. मी म्हटलं, "अरे, पहिला चालतोय की."

"मामा, एकाला एक पाहिजे. एक बसला तर दुसरा उठवतो."

आत भाकरी थापत असलेली अक्का म्हणाली, "मी तरी कधीपासून दुसरं काय सांगतेय? पोरगी बघायचं नाव काढलं की उठून जातो."