गाळलेलं प्रकरण

नवरा : वा! काय आमटी झालीय आज!

बायको : कितव्या प्रकरणातलं?

नवरा : काय कितव्या?

बायको : हे कौतुक. कालचं साडीचं दुसऱ्या प्रकरणातलं होतं.

नवरा : तुला कुणी सांगितलं?

बायको : गादीखाली लपवलेलं पुस्तक चादर बदलणाऱ्याला सापडतं. 'हाउ टु विन फ्रेंड्स अँड इन्फ्लुएन्स पीपल', डेल कार्नेगी. समोरच्याला नावाने हाक मारा, या सल्ल्याखाली लाल पेनने दोन-दोन रेघा! तरीच म्हटलं, इतकी वर्षं नुसत्या 'अगं'वर भागलं आणि आता मीठ मागतानाही माझं नाव. उखाणा तेवढा राहिलाय.

नवरा : आपलं नाव ऐकलं की माणूस सुखावतो. अमेरिकेचा पोस्टमास्तर जनरल होता, जिम फार्ली. म्हणे ५०,००० लोकांना नावाने हाक मारू शकायचा!

बायको : आपल्या धुण्याभांड्याच्या मावशींचं नाव काय?

नवरा : त्यांचं... मावशी.

बायको : बरं झालं तुम्ही पोस्टात लागला नाहीत.

नवरा : हस खुशाल. १९३६ सालचं पुस्तक, अजून खपतंय. मिसूरीतल्या शेतकऱ्याचा पोरगा. आधी फिरून साबण आणि डुकराची चरबी विकायचा, मग न्यूयॉर्कच्या वायएमसीएत लोकांना भाषण करायला शिकवू लागला.

बायको : म्हणजे मूळचा विक्रेताच. गिऱ्हाईक गोड बोलण्याला भुलतं, माल घेतं आणि आपल्या घरी जातं. मी कुठे जाऊ? माझं घर हेच.

नवरा : घराबद्दलही लिहिलंय त्याने. मूळ पुस्तकात सुखी संसाराचे सात नियम होते!

बायको : होते. १९८१च्या सुधारित आवृत्तीत तो भागच गाळला. आणि नियम लिहिणाऱ्याचा स्वतःचा पहिला संसार पुस्तकाच्या आधीच, १९३१ला, घटस्फोटात संपलेला.

नवरा : एवढं शोधून काढलंस?

बायको : मोबाइल माझ्याकडेही आहे.

नवरा : मी वाद घालणार नाही. वाद टाळावा, हेच त्याचं सांगणं आहे.

बायको : ते तुम्ही पुस्तकाआधीपासून पाळताय. गॅलरीत जाऊन.

नवरा : माणूस सुधारायला निघाला, तरी तुला त्रास!

बायको : त्रास कसला? सुधाराच. दादांना फोन लावा. नाव घ्यायचं नसेल तर दादा म्हणा. हसून बोला, आपलं चुकलं असेल ते आधी कबूल करा. सगळं त्यातलंच सांगतेय.

नवरा : दादाचं वेगळं आहे. गावच्या घराच्या वाटणीत सरळसरळ त्याची चूक आहे.

बायको : पहिल्याच प्रकरणात न्यूयॉर्कचा एक गुंड आहे, क्राउली. पोलिसाला गोळी घातली, तरी स्वतःला कनवाळूच समजत होता. त्या पानांवर तुमची एकही रेघ नाही.

नवरा : म्हणजे मी गुंड?

बायको : रेघ कुठे नाही, तेवढंच सांगितलं.

नवरा : आईच्या आजारपणात दादा किती वेळा आला, ते आहे का त्या पुस्तकात?

बायको : नाही आले, खरं आहे. वहिनींचं ऑपरेशन झालं तेव्हा आपण तरी कुठे गेलो?

नवरा : मला कळलंच नव्हतं.

बायको : कळवायलाच फोन आला होता. तुम्ही नाव बघून कट केलात.

नवरा : हे आत्ता जेवताना काढायची गरज होती?

बायको : नव्हती. टीका करू नये, असंच म्हणतो तो. पण मी पुस्तक नुसतं वाचलंय, मनावर घेतलेलं नाही.