मुदतवाढवाले तात्या

आमचे जालन्याचे तात्या कुठलीच तारीख शेवटची मानत नाहीत. लाइटबिल असो, पीकविमा असो, 'अंतिम मुदत' हे शब्द दिसले की ते चष्मा काढून खिशात ठेवतात. "वाढतीच ती."

ही श्रद्धा त्यांना सरकारनंच दिली. त्यांची एमएच-21 मारुती जून 2005 ची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे जून 2020 ला खलास. पण तेव्हा करोना होता. केंद्रानं संपलेल्या कागदांना आधी जूनअखेर, मग सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेर असं करत पार 31 ऑक्टोबर 2021 पर्यंत ओढलं. तात्यांनी दर वेळी झेरॉक्स काढून खताच्या दुकानाच्या पिशवीत ठेवली. त्यापुढचा आदेश अजून आलेला नाही, एवढंच.

एप्रिल 2022 ला नूतनीकरणाची फी 600 वरून 5000 झाली. "एवढी वाढवली म्हणजे कमी करतेल," तात्या म्हणाले. 2025 मध्ये गाडीनं विशी ओलांडली, आणि त्याच साली विशीपुढच्या गाड्यांची फी 10,000 झाली. तात्या म्हणाले, "बघ, आधीच भरली असती तर 5000 वाया गेले असते की."

परवा नातवाच्या अक्षराभ्यासाला त्याच गाडीत बासरला निघालो. पोलीस दिसला की माणूस नजर चुकवतो; तात्या गाडी थेट त्याच्याजवळ नेतात, काच खाली करतात आणि रस्ता विचारतात. "रस्ता विचारणाऱ्याला कोणी कागद विचारत नाही." वाटूर फाट्यावर हे चाललं, परभणीत चाललं, नांदेडातही चाललं.

धर्माबाद सुटलं, तेलंगणा लागला. तात्यांनी काच खाली केली. "साहेब, बासर कुठं आलं?"

साहेबांनी मागच्या पाटीकडं बोट केलं. पाटीवर बासरच लिहिलं होतं. मग त्यांनी मोबाइलात गाडीचा नंबर टाकला.

पिशवी उघडली. झेरॉक्सांची चळत एकेक करून बॉनेटवर मांडली गेली. साहेबांनी शेवटच्या तारखेवर नख टेकवलं आणि तात्यांकडं पाहिलं.

"त्याच्या पुढचं यायचंय," तात्या म्हणाले.

पुढचं आलं, पण ते चलन होतं. मागं बसलेल्या काकू पहिल्यांदाच बोलल्या, "आता तरी पासिंग करून घ्या." तात्या चलन उलटसुलट करून बघत होते. तेलुगू अक्षरं, ताजी तारीख. त्यांनी ते पिशवीत सगळ्यात वर ठेवलं.

येताना नांदेडला पुन्हा हात आडवा आला. या वेळी तात्यांनी रस्ता विचारला नाही. ऐटीत चलन काढून दिलं. "झालंय साहेब आमचं, कालच." हवालदारानं ते तेलुगू नीट न्याहाळलं, परत केलं आणि जायची खूण केली.

तात्यांनी गिअर टाकला. "काहून गं, नवा कागद मिळाला का न्हाई?"